बोटांमधली जागा

या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत:
नागपूरहून नवं उबवणयंत्र आलं
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तणसात रोवून,
धक्का बसू नये म्हणून वर मी बसलेली.
वैभवी उसेंडीची फेलोशिप अजून आली नाही.
"नववा लागला," म्हणते ती,
आणि अंड्यांवर पेन्सिलीनं तारखा टाकत राहते.
गहाणे सरांचा लेख तिसऱ्यांदा परत आला.
कुणीतरी विचारलंय,
तुमच्याकडे तापमान स्थिर कसं राहतं?

राहत नाही.
बुधवारी रात्री डीपी उडाली.
वैरागड रोड पूर्ण काळोखात,
जनरेटरचं डिझेल साहेबांच्या दौऱ्यात संपलेलं.
सोळा अंडी मी ओटीत घेतली
आणि सायकल ढकलत घरी आले.
काळी कोंबडी आठ दिवसांपासून खुडूक होती,
तिच्याखाली सारली.
एकदा चोच मारली तिनं, मग पंख पसरले.
सकाळी दिव्यावर धरून पाहिलं,
सोळाही जणांचं काळीज चालू.
सरांनी वहीत लिहिलं: पर्यायी उष्णतेची सोय.
कोंबडीचं नाव लेखात कुठं टाकायचं
यावर दोन वेळचा चहा झाला.

मी परिचर आहे, रोजंदारीवर.
पण कवचाला खिडकी मीच पाडते,
बारक्या कात्रीनं, नखाएवढी,
आतल्या पडद्याला ओरखडा न जाऊ देता.
पाहुणे आले की सर मला बोलावतात,
आणि पाहुणे आधी अंडं पाहतात, मग माझा हात.

डावा. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं,
दोघं एकाच कातड्यात.
अंगठी चढली नाही कधी.
रोवण्यात धानाची पेंढी मात्र पक्की धरतो हा हात.
शाळेत मला बदक म्हणायचे.

मागच्या आठवड्यात ढिवर टोलीतून
खरंच बदकाची अंडी आणली.
सर म्हणाले, दोन्ही पाय शेजारी ठेवून बघू.
कोंबडीचा सातवा-आठवा दिवस, बदकाचे थोडे जास्त.
वैभवीनं लाल रंगाचे थेंब सोडले.
जे मरतंय तेच लाल दिसतं, ती म्हणाली,
आणि दुर्बिणीसमोरचं स्टूल मला दिलं.

पाय नव्हताच तिथं. एक पातं होतं,
सुपासारखं, चपटं.
आणि कोंबडीच्या पात्यात
चार काड्यांच्या मधोमध
लाल, लाल, लाल.
बोटं फुटत नाहीत कोंबासारखी.
मधलं मरतं, आणि उरतात ती बोटं.
बदकाच्या पात्यात लाल अगदी कडेला, जरासं.
मधलं जगतं. पोहायला कामी येतं.

मी हात मांडीवर ठेवला आणि बराच वेळ
दुसऱ्या कुणाला पाहू दिलं नाही.

आई उभ्या जन्माची सांगत आली,
पोटुशी असताना गिराणात कोहळा चिरला मी,
ध्यान नाही राहिलं, वो.
त्यानंतर घरात कोहळा आला नाही.
गिराण लागलं की ती अजूनही
हात पदरात बांधून बसते,
सत्तरीत, पोटात कुणी नसताना.

त्या रात्री चुलीपाशी मी तिला सांगितलं,
विळी नव्हती, माय. कोहळाही नव्हता.
मधल्या थोड्या पेशी मरायच्या होत्या,
त्या मेल्या नाहीत. इतकंच.

तिनं माझी दोन बोटं हातात घेतली,
शिवणीवरून अंगठा फिरवला, वरखाली,
खूप वेळ. मग म्हणाली,
"मंग एवढ्या बदकाईच्या माया
का चिरत होत्या?"

आणि हसली नाही.
आज बाजारातून ती कोहळा घेऊन आली आहे.
विळी मांडून बसलीय,
अजून चिरलेला नाही.